मदत हवी आहे: ड्रेनचा पाइप भिंतीबाहेर आलाय, फ्रेमिंगचं काय करू?

घाईत_आहे
नवीन घराचं फ्रेमिंग (भिंतींचा लाकडी सांगाडा) झालंय. खालच्या बाथरूममध्ये ३ इंची पाइप भिंतीच्या २ इंच बाहेर आलाय. बिल्डर म्हणतो, "स्टड (भिंतीतली उभी लाकडं) खाचून बसवतो." शुक्रवारी ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड) लागणार. करू देऊ का? लवकर सांगा.

सुतारपक्षी
कुठलं राज्य? खाली काँक्रिटचा स्लॅब की क्रॉल स्पेस (रांगत जाण्याइतकी पोकळी)? भिंत लोड-बेअरिंग, म्हणजे वरचा भार पेलणारी आहे का? पाइप कमोडचा की वरून येणारा? २ इंच कुठून मोजले?

घाईत_आहे
टेक्सास, ऑस्टिनजवळ, म्हणजे स्लॅबच की. वरच्या बाथरूमचा पाइप आहे. टू-बाय-फोर लाकडांची भिंत, प्लेटच्या (स्टडखालच्या आडव्या लाकडाच्या) कडेपासून २ इंच. बेअरिंग आहे का ते माहीत नाही.

सुतारपक्षी
बेअरिंग असो-नसो, खाच चालणार नाही. ३ इंची पीव्हीसी बाहेरून साडेतीन इंच भरतो. २ बाहेर, म्हणजे दीड इंच आत. टू-बाय-फोरची रुंदीही खरी साडेतीनच. खाच बेअरिंग स्टडला २५ टक्के, म्हणजे ७/८ इंच चालते. नसेल तर ४० टक्के, १.४ इंच. दीड दोन्हीत नापास. शिवाय कपलिंग (पाइपचा जोड) पाइपपेक्षा जाड, ते वेगळंच. मुळात ही भिंत टू-बाय-सिक्सची हवी होती.

खटपट्या
एवढं कशाला? स्लॅब फोडा, ४५ अंशांचे दोन एल्बो टाका, पाइप जागेवर.

गवंडीकाका
फोडा म्हणे! तिकडे बरेच स्लॅब पोस्ट-टेन्शन, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी केबल असलेले असतात. अर्धा इंची केबलवर सुमारे ३३,००० पौंडांचा ताण असतो, तुटली तर उसळून बाहेर येते. गॅरेजच्या फरशीत 'कापू नका' असा शिक्का आहे का, आधी बघा. स्कॅन केल्याशिवाय ब्रेकर लावू देऊ नका.

तुळसीवृंदावन
बाथरूम ईशान्येला तर नाही ना?

खटपट्या
मग पुढे दुसरी टू-बाय-फोर भिंत उभी करा. साडेतीन इंच जागा गेली, विषय संपला.

सुतारपक्षी
कमोड याच भिंतीला असेल तर संपत नाही. फ्लँज (कमोड बसतो ती जमिनीतली कडी) तयार भिंतीपासून १२ इंचांवर असतो, तो साडेआठवर येईल. १० इंच रफ-इनचा (म्हणजे भिंतीपासून १० इंच लागणारा) कमोडही बसणार नाही.

घाईत_आहे
कमोड याच भिंतीला आहे. पाइप कोपऱ्यात, फ्लँजच्या मध्यापासून २६ इंचांवर.

सुतारपक्षी
हे आधी सांगायचं हो! मग फक्त कोपऱ्यात चेस (पाइप झाकणारी चौकट) करा. पाइपच्या आड येणारा स्टड काढून दोन्ही बाजूंना एकेक नवा. बेअरिंग असेल तर नवे आधी ठोकून मगच जुना काढा. टॉप प्लेटची (वरच्या आडव्या लाकडाची) खाचही दीड इंच, निम्म्याच्या आत, म्हणून लोखंडी पट्टी सक्तीची नाही. पाइपभोवती अर्धा इंच मोकळा ठेवा, टू-बाय-फोर चपटा (दीड इंची बाजूने) लावा, वर अर्धा इंची ड्रायवॉल. कमोडच्या मध्यापासून पावणेबावीस इंच उरतात, नियमाने १५ पुरतात. खालची प्लेट प्रेशर-ट्रीटेड (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेली) घ्या, खाली केबल असू शकते म्हणून खिळा काँक्रिटमध्ये इंचभरच जाऊ द्या. छताजवळ फायरब्लॉकिंग (आग वर चढू नये म्हणून पोकळी बंद करणं) विसरू नका. लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत पाइप असेल तिथे नेल प्लेट (खिळ्यापासून पाइप वाचवणारा पत्रा). आणि हे सगळं इन्स्पेक्टरने बघितल्यावरच ड्रायवॉल, शुक्रवार गेला तरी चालेल.

गवंडीकाका
चेसमध्ये रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरा, नाहीतर वर फ्लश केला की खाली धबधबा ऐकू येईल.

निवांत
याच धाग्यात विचारतो, बेसमेंटमध्ये एजेक्टर पंप (सांडपाणी वर ढकलणारा) कुठला घ्यावा?