दोन वूफरच्या टॉवरला सबवूफर जोडला आणि 70-80 हर्ट्झचा खर्जच गायब झाला

सुतारपक्षी:
आठ महिने खपून अडीच-वे टॉवर (उंच उभे स्पीकर; दोन वूफरपैकी एक फक्त खालच्या सुरांना मदत करतो) बनवले. प्रत्येक खोक्यात 17 सेंमीचे दोन वूफर, एक इंची डोम ट्वीटर, आतली जागा 40 लिटर, पोर्ट (खर्ज वाढवणारी हवेची नळी) 38 हर्ट्झला ट्यून केलेला. एका वूफरचे आकडे: एफएस म्हणजे स्वतःचा रेझोनन्स 40 हर्ट्झ, क्यूटीएस म्हणजे डॅम्पिंगचा आकडा 0.35, व्हीएएस म्हणजे कोनाइतकीच लवचिक हवा 30 लिटर. वरचा वूफर ट्वीटरपर्यंत जातो, खालच्याला कॉइल लावून 400 च्या आसपास उतरवला आहे. आवाज मनासारखा होता.

मग 12 इंची, बंद खोक्याचा सबवूफर आणला. त्याचा लो-पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) 80 ला, दर सप्तकाला 24 डेसिबलने उतरणारा. टॉवर पूर्वीसारखेच फुल रेंज. डबल बासचं एक रेकॉर्डिंग मी रोज लावतो. ईची मोकळी तार (41 हर्ट्झ) आता छातीत जाणवते, पण वादक डी तारेवर (73 हर्ट्झ) आला की वाद्य जणू शेजारच्या खोलीत जातं. सब बंद केला की डी परत येते! फेजचा (लहरी मागेपुढे सरकवण्याचा) नॉब 0 ते 180 अंश फिरवून पाहिला. खड्डा थोडा सरकतो, बुजत नाही.

सब लावायचाच होता तर दोन वूफर घालून मी चूक केली का? एका वूफरचा छोटा स्पीकर बरा पडला असता का?

कानसेन:
चूक अजिबात नाही, ते वूफर काढू नका. मी स्वतः याच जागी वर्षभर अडकलो होतो. नॉब फिरवायचा, चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी तेच रेकॉर्डिंग पुन्हा पोकळ. सबला मी नुसती वरची जोड समजत होतो. खरं तर तो तुमच्या स्पीकरचा तिसरा क्रॉसओव्हर (सुरांची वाटणी करणारा सांधा) आहे. ट्वीटरला फिल्टर लावून वूफर मोकाट सोडायचं तुमच्या मनातही आलं नसतं, पण इथे नेमकं तेच झालंय.

24 डेसिबलचा लिंक्विट्झ-रायली (क्रॉसओव्हरचा एक नेहमीचा प्रकार) लो-पास 80 ला सबचा आवाज 180 अंश मागे ओढतो. टॉवरला तितकाच हाय-पास (फक्त वरचे सूर जाऊ देणारा फिल्टर) असता तर तो 180 अंश पुढे गेला असता. फरक पूर्ण 360, म्हणजे दोघं पुन्हा एका ठेक्यात. तुमच्या टॉवरला हाय-पासच नाही, पोर्टमुळे त्याची फेज आणखी वेगळ्या ठिकाणी, आणि सबच्या आतल्या डीएसपीचा (डिजिटल फिल्टरच्या चिपचा) उशीर वेगळाच. 73 वर दोघं एकमेकांना खाताहेत.

आता दोन वूफरचं. तेवढ्याच आवाजाला प्रत्येक कोन निम्माच हलतो, हा त्यांचा खरा फायदा. आवाज तोच ठेवून एक सप्तक खाली उतरलात की कोनाची हालचाल चौपट होते. म्हणजे 40 चं काम सबला दिलं की या वूफरांचा जीव हलका होतो आणि पुरुषी आवाज, चेलो, पियानोचा डावा हात यांत जी सहजता येते ती एका वूफरच्या छोट्या स्पीकरमधून येत नाही. मला विचाराल तर दोन वूफर आणि सब हीच सगळ्यात सुखाची मांडणी आहे.

पहिलं काम, पोर्ट फोमच्या बोळ्याने घट्ट बंद करा. तुमच्या आकड्यांवरून खोकं बंद केल्यावर रेझोनन्स साधारण 63 हर्ट्झ आणि क्यू (खोक्यासकट डॅम्पिंगचा आकडा) 0.55 येतो. असं खोकं 80 ला स्वतःच सुमारे साडेतीन डेसिबल खाली असतं. त्यावर 80 चाच 12 डेसिबलचा बटरवर्थ प्रकारचा हाय-पास चढवा, तो आणखी 3 खाली नेतो. एकूण साडेसहा. लिंक्विट्झ-रायलीला 80 वर 6 हवे असतात. इतकं जवळ क्वचित जमतं, तुमचं खोकं नकळत नेमकं मापाचं बनलंय. टीएचएक्सच्या (होम थिएटरच्या एका मानकाच्या) पद्धतीतही हाच हिशेब आहे: स्पीकरला 12 चा उतार, सबला 24 चा, उरलेला उतार बंद खोक्याने द्यायचा. सेटिंगमध्ये 24 चा हाय-पास दिसला तरी तो घेऊ नका, खोक्याचा उतार धरून 36 होईल.

हा फिल्टर पॉवर अ‍ॅम्पच्या आधी, डीएसपीत लावा. स्पीकरच्या तारेत कपॅसिटर घालायचा विचार करू नका. 4 ओहमला 80 हर्ट्झसाठी सुमारे 500 मायक्रोफॅरड लागतो, आणि बंद खोक्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा विरोध) तिथेच डोंगरासारखा चढलेला असल्यामुळे हिशेबाचा उतार मिळतच नाही.

मग उशीर. सब जवळजवळ नेहमी मागे राहतो, म्हणून डिले टॉवरला द्यायचा, सबला नाही. हे मी बरेच दिवस उलटं करत होतो. माइक कानाच्या जागी ठेवा, टायमिंग रेफरन्स (दोन्ही मोजण्यांना वेळेचा एकच आरंभबिंदू) लावून टॉवर आणि सब वेगवेगळे मोजा, दोन्हींतला फरक तेवढा टॉवरला द्या. पुढे सबची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी करून स्वीप (खालून वर चढणारा मोजणीचा सूर) घ्या आणि 80 चा खड्डा जास्तीत जास्त खोल होईल असं अर्ध्या मिलिसेकंदाच्या पावलांनी सरका. पोलॅरिटी सरळ केली की तिथेच बेरीज सगळ्यात भरीव मिळते. हे एकाच सुरावर करू नका. 80 हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं असतं, अख्खं आवर्तन चुकलं तरी खड्डा तितकाच खोल दिसतो.

तांब्याची_तार:
कानसेन यांच्याशी सहमत, पण एक पायरी त्यांच्याही आधी. टॉवर एकटा आणि सब एकटा मोजल्यावर दोघांनाही 73 ला खड्डा दिसला तर तो खोलीचा आहे, डिलेने हलणार नाही. मग सबच उचलावा लागेल. सब बसायच्या खुर्चीवर ठेवा, वॉकिंग बास लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे सगळे सूर सारखे लागतात ती सबची जागा. पुढे कधी दुसरा सब घेतलात तर समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर ठेवून पाहा, खोलीच्या त्या दिशेच्या पहिल्या मोडला (भिंतींमधल्या घुमण्याला) दोघं मिळून हवाच देत नाहीत.

दोन वूफरच्या बाजूने माझा आणखी एक मुद्दा. 2.7 मीटरवर बसलात, कान 95 सेंमीवर, तर 90 सेंमी उंचीच्या वूफरला जमिनीवरून परतलेल्या आवाजामुळे साधारण 300 हर्ट्झला खड्डा पडतो. 40 सेंमीवरच्या वूफरचा तोच खड्डा 650 च्या जवळ जातो. एक जिथे पडतो तिथे दुसरा उभा असतो. तुमचा खालचा वूफर 400 नंतर हळूहळू उतरतो, म्हणजे 300 ला तो कामावर असतोच.

फक्त लेव्हल जुळवताना जपा. 100 च्या खाली तुमचे दोन्ही वूफर एकत्र वाजतात. सब त्या पातळीला जुळवा, 1000 हर्ट्झच्या पातळीला नव्हे.

सुतारपक्षी:
तीन संध्याकाळी यात गेल्या. आधी वेगवेगळं मोजलं. टॉवर एकट्याने 73 ला ठणठणीत, सबही ठीक. म्हणजे खोलीचा दोष नव्हता. पोर्टमध्ये फोम ठासला, 80 चा बटरवर्थ लावला. सब 1.2 मीटर लांब आहे, त्याचे साडेतीन मिलिसेकंद होतात, पण माइकने फरक सात दाखवला. उरलेला बहुतेक सबच्या डीएसपीचा असणार. टॉवरला सात दिले, पोलॅरिटी उलटवली, साडेसातवर खड्डा सगळ्यात खोल गेला. पोलॅरिटी सरळ केली आणि 60 ते 120 रेघ ओढल्यासारखं.

मग दिवा बारीक करून तेच रेकॉर्डिंग लावलं. ई, ए, डी, जी. वादक चारही तारांवरून वर चढत गेला आणि वाद्य एकाच जागी उभं राहिलं. डी तारेवर बोट घसरल्याची खरखर आणि तिच्याखालचा सूर प्रथमच एकाच लाकडातून आल्यासारखे वाटले. मी तो तुकडा सहा वेळा ऐकला.

एक उरलंय: 47 हर्ट्झला एक उंचवटा दिसतो. उद्या सब खुर्चीवर चढवतो आणि गुडघ्यांवर फिरतो.

कानसेन:
सब हलवलात की डिले पुन्हा मोजा, अंतर बदललेलं असेल. आणि ईक्यूला (सुरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरला) हात लावायचा तो जागा पक्की झाल्यावर, फक्त उंचवट्यावर, खड्ड्यावर नाही.