सगळ्या पोरांचे हात लागतील असं दिवाळीचं काही सुचवा

चौथीच्या बाई
नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे, पट २८. सत्र परीक्षा संपल्यापासून सुट्टी लागेपर्यंत पाच दिवस मिळतायत. त्यात सगळ्यांनी मिळून दिवाळीची एकच मोठी वस्तू करावी असं मनात आहे.

गेल्या वर्षी मी ‘घरून आकाशकंदील करून आणा’ असं सांगितलं होतं. अर्धे कंदील आईबापांच्या हातचे, काही सरळ बाजारातले. तीन मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, मुलं आजीकडे. ती रिकाम्या हातांनी आली आणि दिवसभर मागच्या भिंतीला टेकून बसली. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मग वर्गातच कागदी तोरण करायला घेतलं, तर चार-पाच चलाख पोरांनीच सगळं केलं. तिसरीतली एक मुलगी दोन दिवस नुसती डिंकाची बाटली धरून उभी होती.

म्हणून वस्तू कोणतीही चालेल, मला वाटणीचं सांगा. प्रत्येकाकडे असं काम हवं की ते राहिलं तर वस्तू पुरी होऊ नये. खर्च चारशेच्या आत. थर्माकोल नको.

गडवाट
बाई, किल्ला करा, आणि राजगडच करा. त्या गडाची ठेवणच वाटणीची आहे. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या तटबंदी केलेल्या सोंडा, आणि मधोमध बालेकिल्ला. सात-सात जणांचे चार गट झाले. पद्मावतीवाल्यांना तळं आणि देऊळ, सुवेळेला नेढं (खडकातलं आरपार भोक), संजीवनीला दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज (बाहेरून आणखी एका भिंतीचं कवच असलेला), बालेकिल्ल्याला चढणीची वाट आणि महादरवाजा. एक माची राहिली तरी गड लंगडा दिसतो, ते पोरांना सांगावं लागत नाही. चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात महाराज आहेतच. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले त्यातही राजगड आहे, हेही सांगा.

पैसे फारसे लागत नाहीत. विटा, दगड, फुटकी कौलं रचायची. गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर पांघरायचं, वरून चाळलेली लाल माती. हिरवळीसाठी मोहरी घेऊ नका, उतारावरून घरंगळते. अळीव घ्या. भिजला की बुळबुळीत होतो आणि कड्यालाही चिकटून बसतो. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, म्हणून ढाचा पहिल्याच दिवशी उभा करून संध्याकाळी अळीव पेरायचा. गव्हाची वाट बघत बसलात तर सुट्टी लागेल. मातीला तडे जातातच, ओल्या चिखलाचा हात फिरवायचा.

गट मात्र तुम्ही पाडा. मुलांवर सोडलं तर चलाख पोरं एका माचीवर जमतील.

निवृत्त शिक्षिका
किल्ला उत्तमच, पण परतीचा पाऊस आला तर सगळा वाहून जाईल. करायचाच तर व्हरांड्यात करा.

दुसरा मार्ग म्हणजे करंज्यांचा मोठा कंदील. कामट्यांचा सांगाडा सातवीच्या मुलांकडून बांधून घ्या, कारण कामटीच्या धारेने लहान बोटं कापतात. पतंगी कागदाच्या चार-चार करंज्या प्रत्येकाने करायच्या. एकाच्या जरी कमी पडल्या तरी तिथे भोक दिसतं. चिकटवायला कणकेची खळ शिजवा. जुनी माणसं त्यात मोरचूद घालायची, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, वर्गात अजिबात नको.

माझ्या अनुभवाचं एक सांगते. झिरमिळ्या कापणं, पाणी आणणं, केर काढणं ही कामं ठरावीक मुलांच्या गळ्यात बांधू नका. ज्याला तेच मिळतं त्याला आपण कोण ते बरोबर कळतं. रोज पाळी बदला.

मुळशीकर
किल्ला केलात तर सुट्टीत पाणी कोण घालणार? आमच्या शाळेत सुट्टीनंतर नुसतं वाळलेलं गवत मिळालं होतं. मुलं हिरमुसली.

चौथीच्या बाई
सगळ्यांचे आभार. राजगडच केला, व्हरांड्यात. चौथ्या दिवशी पाऊस आलाच, त्यामुळे ताईंचं ऐकलं ते फार बरं झालं.

डिंकाची बाटली धरणारी ती मुलगी आता चौथीत आहे. तिला सुवेळेच्या गटात घातलं. नेढं काही केल्या टिकेना, मातीची कमान दोनदा बसली. तिसऱ्या दिवशी ती घरून फुटक्या माठाचा गळा घेऊन आली. तो उभा रोवून भोवती चिखल थापला आणि नेढं तयार. आरपार बघायला सगळा वर्ग रांगेत उभा होता. ती कडेला उभी राहून प्रत्येकाला ‘हळू, ओलं आहे’ म्हणत होती. वर्षभरात मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

एक चूक माझीही झाली. संजीवनीची तटबंदी वाकडी दिसत होती म्हणून शाळा सुटल्यावर मी ती सरळ केली. सकाळी गटाने लगेच ओळखलं. ‘बाई, हे आम्ही केलेलं नाही,’ म्हणाले, आणि पाडून पुन्हा आपल्या हाताने बांधली. तशीच वाकडी. त्यानंतर मी मातीला हात लावला नाही.

मावळे विकत आणले नाहीत. शाडूचा एकेक प्रत्येकाने केला, २८ झाले. काहींना भाला आहे, काहींना नुसताच फेटा.

पाण्याचं वर्गात विचारलं, तर आजीकडे राहणारी ती तिघं आधी उठली. दिवाळीत गावातच असतो, म्हणाली. व्हरांड्याला कुलूप नसतं, झारी तिथेच ठेवली. आज सकाळी मी सहज डोकावले. अळीव बोटभर वाढलाय, पद्मावतीचं तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि झारीच्या शेजारी तीन जोड्या चपला होत्या.