शेतात राहणाऱ्यांना बंदुकीचं लायसन सहज मिळायला पायजे का नको?

जांबोटीकर: आमच्या शेजारच्या मळ्यातल्या घरात रात्री चोरटे शिरले, म्हातारा-म्हातारी दोघंच. ठाण्याला फोन लागला पण वाट सांगण्यातच दहा मिनिटं गेली, जीप यायला पाऊण तास, तोवर सोनं घेऊन ते ओढ्यापलीकडं. पोलिसांना शिव्या देत नाय हां, मोजके शिपाई, बेळगावकडचा निम्मा खानापूर तालुका जंगल, ते तरी काय करणार? पण मग आमचा लायसनचा अर्ज कशाला लटकवून ठेवलाय? आपल्याच कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात तिथल्या कोडवा समाजाला लायसनशिवाय बंदूक ठेवता येते, ब्रिटिशांपासनं सवलत आहे, हायकोर्टानंही 2021 ला ती उचलून धरली. एकाच राज्यात त्यांना एक न्याय आणि आमाला एक?

शहापूर गल्ली: बंदूक असती तर म्हाताऱ्यानं काय केलं असतं ते सांगा की. बारा बोअर कपाटात कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत, चष्मा सापडत नाय, लाईट गेलेली. झाडली तर कुणाला लागणार, चोराला का म्हातारीला? आणि चोरटे सोन्याबरोबर बंदूक पण घेऊन गेले असते, वर लायसनदारालाच ठाण्याच्या खेपा.

रानगवा: कुलूप-बिलूप सोडा, मुद्दा असा की पोलीस वेळेत येतीलच याची हमी कोणच देत नाय. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका बाईकडं नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम होता. 1999 मध्ये त्यानं तिन्ही पोरी उचलून नेल्या, ती रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली, पोरी मेल्या. 2005 ला सुप्रीम कोर्ट 7 विरुद्ध 2 नं म्हणालं, तो हुकूम पोलिसांनी अमलात आणलाच पायजे असा तिचा घटनात्मक हक्क नाय.

मीनाक्का: अर्धीच गोष्ट सांगितलीस बघ. त्या नवऱ्यानं पिस्तूल त्याच संध्याकाळी दुकानातनं विकत घेतलं होतं! लायसन सोपं केलं की पहिल्यांदा कुणाच्या हातात जातंय ते बघा, म्हातारीच्या नव्हे, रोज दारू पिऊन येणाऱ्याच्या. घरातल्या बाईला चोरापेक्षा त्याची भीती जास्त.

जांबोटीकर: अक्का, म्हणूनच पोलीस रिपोर्ट लागतो की. दारुड्याला नका देऊ, आमच्यासारख्याला का अडवताय?

कोर्टाच्या पायरीवर: कायद्यानं जीव वाचवायचा हक्क आहेच, 2024 पासनं भारतीय न्याय संहितेत, आधी आयपीसीत होता. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणाऱ्यावर तर जीव जाईपर्यंतचा बचाव पण काही अटींवर चालतो. पण गरजेपेक्षा जास्त मारायचं नाय आणि पोलिसांकडं जायला वेळ होता तर तो हक्क उरत नाय. चोर पाठ फिरवून पळतोय आणि मागनं गोळी घातली, तर आरोपी तुमीच, मग वर्षानुवर्षं तारखा. अर्ज नाकारला तर अपील आहे, आधी नकार लेखी मागा.

रानगवा: आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा! 2023 च्या मे मध्ये बघितलं की, डुकरं ऊस लोळवून गेली, बंदूक ठाण्यात.

शहापूर गल्ली: जमा नसती तरी रानडुक्कर परवानगीशिवाय मारता येत नाय, वन्यजीव कायदा 1972 चा आहे. हवेत बार काढायला एवढी बंदूक?

मीनाक्का: मळ्यातल्या घरांचे नंबर आणि वाटा ठाण्यात लिहून द्या आधी, पंचायतीतनं. पाऊण तासातली ती दहा मिनिटं तरी वाचतील.

जांबोटीकर: देतो लिहून. अर्ज मात्र मागं घेणार नाय.