एफसी-१५० पिकअप, पेट्रोल हरिकेन: जुना कार्टर कार्ब्युरेटर दुरुस्त करावा की नवा सोलेक्स घ्यावा?

घाटपिकअप
गाडी महिंद्रा एफसी-१५०, इंजिन मूळचंच हरिकेन एफ-१३४, २.२ लिटर. कार्ब्युरेटर कार्टर वायएफ, त्यावरचा ९३८ मालिकेचा टॅग शाबूत आहे. थंड इंजिन चोक ओढून लगेच सुरू होतं. गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की मात्र बराच वेळ घेतं आणि पेट्रोलचा वास येतो. एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी आधी ठेचकाळते, मग उचलते. मागे काळा धूर, प्लगवर काजळी. मूळ मेकॅनिकल पंप गळत होता म्हणून इलेक्ट्रिक पंप लावलेला आहे. स्थानिक सल्ले तीन: किट (रबरी भाग व गॅस्केटचा दुरुस्ती संच) टाका, नवा सोलेक्स बसवा, किंवा अ‍ॅडॅप्टर करून जिप्सीचा कार्ब बसवा. मापांसकट सांगा, कोणता मार्ग धरू?

कार्बबेंच
जिप्सीचा कार्ब आधी यादीतून काढा. त्याची जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं) १ किंवा १.३ लिटरच्या इंजिनासाठी काढलेली असतात, २.२ लिटरला ती लीन पडतात, म्हणजे पेट्रोल कमी मिळतं. शिवाय दोन बॅरलचा कार्ब एका भोकाच्या हेडवर बसवायला अ‍ॅडॅप्टर लागतो आणि उंची वाढते. तुमच्या गाडीत इंजिन दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली, तिथे एक इंचसुद्धा महाग.

मोठ्या कार्बची गरजच नाही. २.२ लिटर इंजिन ४००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ४४०० लिटर हवा ओढू शकतं, प्रत्यक्षात त्याच्या पाऊण हिस्सा धरा, म्हणजे ३३०० लिटर, साधारण ११५ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). एका बॅरलला हे सहज पेलतं. याहून मोठा घेतला तर व्हेंच्युरीतला (कार्बच्या अरुंद गळ्यातला) हवेचा वेग पडतो, पेट्रोलचं तुषार नीट होत नाही आणि खालच्या आरपीएमचा जोर जातो. पिकअपला नेमका तोच हवा असतो.

आता तुमची लक्षणं. ठेचकाळणं आणि काळा धूर हे दोन आजार वाटतात, पण वायएफमध्ये ते बहुधा एकाच फाटलेल्या डायफ्रॅमचे (रबरी पडद्याचे) असतात. या कार्बात कार्बच्याच आतल्या पिचकारी-पंपाचा डायफ्रॅमच मीटरिंग रॉड (जेटमध्ये वरखाली होणारी सुई) हलवतो. हलक्या लोडवर मॅनिफोल्डचं (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या वाटेचं) व्हॅक्यूम डायफ्रॅमला खाली खेचतं, रॉड जेटमध्ये उतरते, मिश्रण लीन होतं. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) उघडला की व्हॅक्यूम पडतं, स्प्रिंग डायफ्रॅमला वर ढकलते; त्याच हालचालीत पेट्रोलची पिचकारी बसते आणि रॉड वर उचलली जाते. डायफ्रॅम फाटला की पिचकारी गेली, रॉड कायम वर राहिली, आणि शिवाय व्हॅक्यूमच्या वाटेने कच्चं पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये. बाहेरून स्क्रू फिरवून हे सुधारत नाही, आणि मेकॅनिक नेमके तेच फिरवत बसतात.

तपासायला एअर क्लीनरची नळी काढा, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल झटक्यात उघडा. कार्बच्या तोंडात पेट्रोलची स्वच्छ, अखंड धार दिसली पाहिजे. नुसतं ओघळलं किंवा काहीच आलं नाही तर डायफ्रॅम गेला. त्याच वेळी चोकचा खटका आत ढकललेला असताना वरची पाकळी पूर्ण उभी राहते का तेही बघा. केबल अडकून ती अर्धी मिटलेली राहिली तरी धूर असाच येतो.

किट टाकताना तीन ठिकाणी चुकतं. फ्लोट लेव्हल, म्हणजे बाउलमधल्या (कार्बच्या वाटीतल्या) पेट्रोलची पातळी: कार्बचं झाकण उलटं करा, गॅस्केट काढा, फ्लोट स्वतःच्या वजनाने निडलवर (पेट्रोल अडवणाऱ्या सुईवर) टेकू द्या आणि फ्लोटच्या उंच बिंदूपासून झाकणाच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. ९३८ मालिकेतल्या बऱ्याच कार्बना ९/३२ इंच, म्हणजे साधारण ७ मिमी. तुमच्या टॅगचा पूर्ण नंबर किटमधल्या कागदाशी जुळवून मगच ते माप पक्कं धरा. वाकवायची ती फ्लोटची जीभ, फ्लोट दाबून नाही. दाबलं तर निडलचं टोक चेपतं आणि आयुष्यभर ओव्हरफ्लो होतं. दुसरं, मीटरिंग रॉड: थ्रॉटल पूर्ण मिटवून डायफ्रॅमचा दांडा तळापर्यंत खाली दाबून धरला की रॉड आपल्या विहिरीच्या तळाला टेकलीच पाहिजे. टेकत नसेल तर लीव्हरची पट्टी हळूच वाकवा. हे न करता जुळणी केली तर नव्या किटवरही गाडी पेट्रोल पितेच. तिसरं, जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ ओरखडलं की जेटचा नंबर बदलला. क्लीनर आणि हवा, एवढंच.

जुनाजीपमिस्त्री
वरच्या निदानाशी सहमत, पण सोलेक्सला एकदम बाद करू नका. वायएफचं चांगलं किट दरवेळी मिळेलच असं नाही, आणि हलक्या रबराचा डायफ्रॅम आत्ताच्या पेट्रोलमध्ये कडक किंवा ढिला पडतो. सोलेक्समध्ये जेट सुटी मिळतात आणि नंबर कोरलेले असतात: मेन, एअर करेक्शन (हवेचं), पायलट (आयडलचं, म्हणजे पाय न लावता इंजिन हळू चालतं तेव्हाचं). १२० म्हणजे १.२० मिमीच्या हिशोबातलं. फ्लोट लेव्हलही वाकवून नाही, निडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरची जाडी बदलून लावतात. मात्र बाजूला स्टार्टरची चकती असलेला जुना सोलेक्स घेत असाल तर ती आधी तपासा. घासलेली चकती मिटूनही गळते, आणि चोक बंद असताना चोक चालू असल्यासारखा धूर निघतो.

कुठलाही कार्ब असो, त्याला हात लावण्याआधी इग्निशन. पॉइंट गॅप ०.५ मिमी, प्लग ०.७५ मिमी, टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो त्या बिंदूच्या) ५ अंश आधी. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर इनलेट ०.०१८ इंच, एग्झॉस्ट ०.०१६ इंच. टायमिंग मागे पडलं की आयडल राखायला लोक थ्रॉटल जास्त उघडा ठेवतात. मग पाकळी आयडलच्या भोकांच्या वर सरकते आणि मिश्रणाचा स्क्रू कितीही फिरवला तरी फरक पडत नाही.

आणि त्या इलेक्ट्रिक पंपाचं प्रेशर मोजा. या इंजिनाचा मूळ पंप पावणेचार पीएसआयच्या वर जात नाही. बाजारातले कितीतरी इलेक्ट्रिक पंप ५ ते ७ देतात. एवढ्याला निडल सीटवरून उचलली जाते.

घाटपिकअप
तपासलं. पिचकारी नाही, नुसतं ओघळतं. चोकची पाकळी पूर्ण उभी राहते. पंपाचं प्रेशर ५.५ पीएसआय. टायमिंग २ अंशावर होतं, ५ केलं. थ्रॉटलच्या शाफ्टला हाताने जाणवेल इतका खेळ आहे, तिथे क्लीनर फवारला की आरपीएम बदलतं. पुण्यात आयडलला व्हॅक्यूम १४ इंच (पाऱ्याचे), काटा थरथरत नाही. मग कार्टर वाचवण्यात अर्थ आहे का?

कार्बबेंच
आहे. फवाऱ्याने आरपीएम बदलतं म्हणजे तिथून हवा घेते. व्हॅक्यूमचा आकडा वाचताना उंची धरा: दर ३०० मीटरला साधारण १ इंच कमी. पुणे ५६० मीटरवर, तेव्हा धडधाकट इंजिनही तिथे १६ ते १८ दाखवेल. तुमच्या १४ मध्ये शाफ्टची हवा आहे, २ अंशांच्या टायमिंगचा वाटाही असणार. काटा स्थिर आहे हे चांगलं, व्हॉल्व्ह ठीक दिसतात.

शाफ्ट लेथवर द्या. दोन्ही बाजूंची भोकं एकाच रेषेत रीम करून ब्राँझचे बुश बसवायचे. एकेक बाजू वेगळी धरून केली तर शाफ्ट जाम होतो. पाकळीचे स्क्रू मागून ठोकून पसरलेले असतात, ते आधी कानसा, नाहीतर शाफ्टचे आटे जातात. परत बसवताना स्क्रू ढिले ठेवा, थ्रॉटल मिटवून पाकळी बोटाने दाबा, उजेडाकडे धरून कडेची फट सगळीकडे सारखी दिसली की आवळा. लॉकटाइट लावून पुन्हा ठोका. इथला सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो. पाया काचेवर एमरी पेपर ठेवून सपाट करा, खाली जाड इन्सुलेटर गॅस्केट नवा घाला, आणि दोन्ही नट आलटून पालटून आवळा. एकच बाजू ताणली की फ्लँज वाकतो.

हेडमध्येच ओतलेला इनटेक असल्याने या इंजिनात मॅनिफोल्डचं वेगळं गॅस्केट गळायला नाही, पण पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ इनटेककडे सोडणारा) उघडा अडकला तर तीच लक्षणं. काढून हलवा, खडखडला पाहिजे.

जुनाजीपमिस्त्री
पंपाला रेग्युलेटर लावून ३ पीएसआयवर आणा. गरम स्टार्टचा निम्मा त्रास तिथेच संपेल. उरलेला झाकणाखाली कोंडलेल्या उष्णतेचा: गाडी बंद केली की बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पंप न करता पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोलची नळी एग्झॉस्टपासून लांब न्या.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल, कारण आता पंपावर तेच आहे. जाळायला लागणाऱ्या हवेचं प्रमाण शुद्ध पेट्रोलला १४.७, ई१० ला साधारण १४.१, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे ई१० वर जुळवलेला कार्ब सुमारे ४ टक्के लीन होतो. जेटचं क्षेत्रफळ ४ टक्के वाढवायचं तर व्यास २ टक्के, सोलेक्समध्ये १२० च्या जागी १२२.५. कार्टरमध्ये आधी बुश आणि डायफ्रॅम करून प्लग वाचा. टोक पांढरट दिसलं आणि सपाट रस्त्यावर गाडी हिसके देत चालली तरच रॉडची पट्टी केसभर वर घ्या. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, निडलचं टोक व्हायटॉन रबराचं. इथेनॉल टाकीतला जुना राळ सोडवतो, म्हणून पहिल्या दोन टाक्यांत फिल्टर दोनदा बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पंप बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, बाउल कोरडा होऊ द्या. नाहीतर जस्ताच्या भागांवर पांढरी भुकटी धरते आणि पहिला बळी पायलटची वाट.

कार्बबेंच
शेवटचं ट्युनिंग पूर्ण गरम इंजिनवर, एअर क्लीनर बसवून. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने टेकवा, दीड आटा बाहेर घ्या, आयडल ६०० वर आणा. मग पाव-पाव आटा फिरवत व्हॅक्यूमचा काटा जिथे सगळ्यात वर जातो तिथे थांबा आणि आयडल पुन्हा ६०० करा. तीन आट्यांच्या पुढे जावं लागलं तर कुठेतरी अजून हवा घेते आहे.