अनुभव धागा: हॉट रॉड, ड्रॅग रेस आणि आमच्या घरचे लोक

अमेरिकेतल्या मराठी घरांत गणपती असतो, ढोल पथक असतं, दिवाळी अंक असतात, पण हॉट रॉड? आहेत हो, माझ्या ओळखीतच आहेत, कुणी तिकडच्या घरात लग्न करून गेलंय तर कुणाच्या पोराला नाद लागलाय. ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी: जुनी गाडी घ्यायची, मडगार्ड-बिडगार्ड काढून हलकी करायची आणि आत मोठं इंजिन बसवायचं. मूळ उद्योग कॅलिफोर्नियातल्या पोरांचा, एल मिराजसारख्या कोरड्या तलावांवर पळवायचे. १९३२ ला फोर्डने स्वस्तातल्या गाडीत ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन दिलं आणि पोरांना रानच मोकळं मिळालं. ड्रॅग म्हणजे दोन गाड्या, सरळ पट्टी, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, खेळ खलास.

सुरुवात मीच करते. माझे सासरे कॅन्ससचे. एनएचआरए म्हणजे अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना, तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, नॅशनल्स, १९५५ मध्ये तिकडे ग्रेट बेंडला झाली, दुसऱ्या महायुद्धातल्या बी-२९ विमानांच्या तळावर, तेव्हा ते शाळकरी होते आणि वडिलांबरोबर गेले होते. पाऊस आला आणि फायनल राहिली, ती नोव्हेंबरात थेट अॅरिझोनात उरकली. झालं, तेव्हापासून माणूस पावसावर खार खाऊन आहे, आमच्या लग्नातसुद्धा ढग आले तर त्यांनी ग्रेट बेंड काढलं. गॅरेजमध्ये त्यांची १९३१ ची फोर्ड मॉडेल ए आहे, सीट सासूबाईंनी घरच्या मशीनवर शिवलेत आणि शिवण इतकी सरळ आहे की लोक कुठल्या दुकानात केलंत म्हणून विचारतात. आता लिहा तुम्ही, लांबलं तरी चालेल.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत इंग्लिशटाऊनचा ट्रॅक होता, घरापासून जवळच. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला तिथल्या समरनॅशनल्स या मोठ्या स्पर्धेला घेऊन गेलो, बायको म्हणत होती की त्यांना नायगारा दाखवा, पण तो सगळेच दाखवतात. टॉप फ्युएल म्हणजे सगळ्यात वेगवान वर्ग, त्यातल्या गाड्या नायट्रोमिथेन नावाच्या इंधनावर चालतात, त्याच्या धुराने डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं आणि आवाज कानात नाही, बरगड्यांत बसतो. आईने पदर नाकाला लावला तो शेवटपर्यंत, पण उठली नाही हं जागची. आई मंचरकडची, लहानपणापासून बैलगाडा शर्यती बघितलेली, तिकडे घाटात एकेक गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात, आणि सेकंदांवर निकाल लागतो. दोन-चार जोड्या बघितल्यावर म्हणाली, "अरे ही तर बारीच की, फक्त बैल नाहीत." मग शेजारच्या अमेरिकन काकांना मराठीतच विचारत बसली की घड्याळ कुणाच्या हातात असतं.
२००८ मध्ये तिथेच स्कॉट कलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला, त्यानंतर टॉप फ्युएल आणि फनी कार (तसंच इंजिन, पण वर नेहमीच्या गाडीसारखं कवच) यांचं अंतर पाव मैलावरून हजार फुटांवर आणलं. २०१८ मध्ये तिथलं ड्रॅग रेसिंगच बंद केलं. आमच्या भागातल्या पोरांना हक्काची जागा उरली नाही, आणि मग हायवेवर धिंगाणा घालतात म्हणून बोंब मारायची.

पोरीचा_बाप
वरच्या इंग्लिशटाऊनमध्येच ज्युनियर ड्रॅगस्टरची कल्पना निघाली, अर्ध्या मापाच्या गाड्या, लहान मुलांसाठी. आमची लेक चालवायची, अंतर मैलाचा आठवा भाग. आता लोकांना वाटतं जो जोरात जाईल तो जिंकतो, पण हौशी लोकांची ब्रॅकेट रेसिंग तशी नसते. तुमची गाडी किती सेकंदांत जाईल तो आकडा तुम्हीच आधी काचेवर लिहायचा, पांढऱ्या बूट पॉलिशने, ज्याची गाडी हळू त्याला तेवढं आधी सोडतात, आणि तुम्ही स्वतःच्या आकड्यापेक्षा जोरात गेलात तर बाद. म्हणजे इंजिनापेक्षा स्वतःची गाडी ओळखणं महत्त्वाचं, आणि मला तरी टॉप फ्युएलच्या गडगडाटापेक्षा हाच खरा खेळ वाटतो.
माझे वडील नाशिकला एसटीच्या वर्कशॉपला होते. आले की डायरी घेऊन बसायचे, तापमान, हवेतला दमटपणा, टायरमधली हवा, वेळ, सगळं मराठी आकड्यांत. हवा गरम आणि दमट झाली की इंजिन ढिलं पडतं, मग दुपारी आकडा थोडा वाढवून लिहायचा, हे त्यांनी डायरीवरून काढलं, मला पत्ताच नव्हता. सुटताना तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात मग हिरवा. आजोबा नातीला सांगायचे, "हिरव्याची वाट बघू नको गं, तिसरा पिवळा लागला की सोड. हिरवा दिसेपर्यंत दुसरा गेलेला असतो." पोरगी आता कॉलेजात आहे, डायरी तिच्याकडे आहे, मला हात लावू देत नाही.

कानसवाला
हॉट रॉड नाही पण चालेल ना? आमचा काका कोल्हापूरचा, यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलवाला. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर कंपनीचे, उरलेले काकाचे. सिलिंडरची पोर्टं गोल कानशीने घासायचा, रात्री, टॉर्च तोंडात धरून. काकू म्हणायची घरातल्या भांड्यांना कधी इतका हात लावला नाही. मद्रासला शोलावरमची रेस बघून आल्यापासून बिघडला असं आजी म्हणायची. मागे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला घेऊन गेलो त्याला, तिथे मोठमोठ्या इंपोर्टेड गाड्या, आणि हा आख्खा दिवस टू-स्ट्रोकवाल्या पोरांच्यात उकिडवा बसून प्लगचा रंग बघत होता, त्यावरून इंजिनात इंधन नीट जळतंय का ते कळतं.

डेन्व्हरची_सून
सगळ्यांचं गोड गोड चाललंय म्हणून लिहिते. आमच्याकडे १९५५ ची शेव्हरोले बेलएअर आहे, नवऱ्याची, म्हणजे तिचे सुटे भाग आहेत. डेन्व्हरजवळच्या बँडिमियर स्पीडवेवर न्यायची होती, इकडे उंचीमुळे हवा विरळ, गाडीची ताकदच कमी होते, तर त्यासाठी म्हणून इंजिनात जास्त हवा कोंबणारा ब्लोअर आणला. क्रोमचं काम एका दुकानाला दिलं, तो अॅडव्हान्स घेऊन गायब, बंपर पण गेला. २०२३ मध्ये ट्रॅकच बंद झाला, ब्लोअर अजून खोक्यात. माझी रोजची गाडी बर्फात बाहेर आणि बेलएअरच्या दारांना आत हीटर, सासूबाई पुण्याहून आल्या की पापड-कुरडयांचे डबे तिच्या बॉनेटवर ठेवतात एवढाच काय तो उपयोग. कुणाला हवी असेल तर मेसेज करा, नवऱ्याला न विचारता देते.

एडिसनकर
ब्लोअर कुठला आहे? फोटो टाका की.