टीममधला पोट्टा खराब खेळला तर तुम्ही त्याले कसं सांगता? आपापले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण मागच्या रविवारची रात्र. आम्ही चौघं बीजीएमआय (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) खेळून रायलो होतो, एरँगल मॅप, तिघं आमच्याच गावचे अन् चौथा माझ्या मामाचा पोट्टा. शंभर खेळाडूंतून शेवटच्या दोन टीम उरल्या होत्या. आमचा एक जण नॉक झाला (गोळ्या लागून खाली पडला) अन् हा मामाचा पोट्टा स्मोक (आडोशाचा धूर) न टाकता उघड्या वावरात त्याले रिव्हाइव्ह द्यायला (परत उभं करायला) धावला. दोघंही गेले, मॅच गेली. मी माइकवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो काहीच बोलला नाही, सरळ ऑफलाइन गेला. दुसऱ्या दिवशी मामीचा आईले फोन, की पोरगं रात्रीपासून जेवलं नाही, तिकडं काही झालं काय. तो अकरावीत आहे, मी २४ वर्षांचा. मले खरंच लाज वाटली.

माफी मागितली मी, तो "काही नाही दादा" म्हणाला, पण आता माझ्यासोबत खेळते तेव्हा माइक बंदच ठेवते. चूक सांगूच नये असं माझं म्हणणं नाही, उघड्यावर स्मोकशिवाय रिव्हाइव्ह देणं चूकच आहे, अन् सांगितलं नाही तर तो पुढच्या वेळी पण तेच करन. पण कधी सांगायचं, कोणासमोर सांगायचं, किती सांगायचं? शिव्या खाल्लेल्यांनी पण लिहा अन् दिलेल्यांनी पण.

मोर्शी तालुका, संत्र्याचा मळा

मी शिव्या खाणाऱ्यांपैकी. रात्री मळ्यात जागलीले असतो, डुकरं येतात म्हणून झोपता येत नाही, मग बाजेवर बसून रँडम (अनोळखी) टीमसोबत खेळतो. आता आमच्याकडं असं आहे का, लाइट गेली का थोड्या वेळानं टॉवर पण बसते, पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायचा वेळ, साठ मिलिसेकंदावरून एकदम दोनशे-तीनशेवर जाते, अन् हे समोरच्याले दिसत नाही ना, त्याले एवढंच दिसते का हा गडी झाडामागं उभा राहून मेला. माझ्या स्क्रीनवर मी झाडामागं गेलेलो असतो पण सर्व्हरपर्यंत ते पोहोचलेलंच नसते, तिथं मी अजून उघड्यावरच आहे, अन् गोळी लागली का नाही ते माझा फोन ठरवत नाही. एकदा एका शहरातल्या पोरानं पूर्ण मॅचभर "ए गावठी, फोन बेच दे" लावलं होतं. माझं "मले-तुले" ऐकून तर अजूनच चढला, बाकीचे दोघं हसत होते. मी म्यूट केलं अन् खेळत रायलो, पण त्या रात्री मन लागलं नाही.

तेव्हापासून मी लॉबीतच, मॅच सुरू व्हायच्या आधी, सांगून टाकतो, "भाऊ आज माझी पिंग जास्त आहे, मी मागून कव्हर देतो, घरात पहिले घुसणार नाही." निम्मे लोकं समजून घेतात. अन् आमच्या गावच्या ग्रुपमध्ये आता पद्धतच पडली आहे, कोणाची चूक काढायच्या आधी "पिंग किती होती रे?" हे विचारायचं. खूप भांडणं तिथंच मिटतात.

दिग्रसकडचा, फ्री फायर

माझं मत थोडं वेगळं पडते. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर बंद झाली तेव्हापासून आम्ही फ्री फायर मॅक्स (तसाच गोळीबाराचा गेम) खेळतो, चार जणांची पक्की टीम आहे, कॉलिंग (कोणी काय करायचं ते सांगणं) माझ्याकडं. कडक बोलल्याशिवाय टीम सुधारत नाही असं मी आजही म्हणतो. गोड गोड बोलत रायलो तर एकच चूक सहा महिने चालते.

पण कडक म्हणजे काय हे मले उशिरा समजलं. तालुक्याच्या एका टूर्नामेंटमध्ये आमचा रशर (पहिले चालून जाणारा) एकटाच पुढं गेला अन् मी ओरडलो, "काऊन गेला बे तिकडं?" आता तो बिचारा सांगू लागला काऊन गेला ते, की आवाज आला होता, वाटलं एकच आहे, अन् तो सांगून रायला तोपर्यंत दुसऱ्या बाजूनं आमच्या ग्लू वॉलला (आडोशाच्या भिंतीले) वळसा घालून दोघं आले अन् आम्ही तिघंही साफ. ती मॅच माझ्या "काऊन"नं घालवली, त्याच्या रशनं नाही. घरी येऊन रेकॉर्डिंग पाहिली तेव्हा कळलं, तो मेल्यावर आमच्याजवळ पुरेसा वेळ होता मागं सरकायला.

म्हणून आता मॅच चालू असताना "काऊन" हा शब्द बंद. फक्त पुढं काय करायचं ते बोलायचं, "मागं ये", "वॉल टाक", "थांब". "काऊन" विचारायचं ते मॅच झाल्यावर, पारावर बसून, रेकॉर्डिंग लावून. अन् तिथं मात्र मी सोडत नाही कोणाले. एका बैठकीत एका माणसाची एकच चूक घ्यायची, चार सांगितल्या तर त्याले एकही लक्षात राहत नाही. अन् सुरुवात माझ्या चुकीपासून, कॉलर मी आहे तर पहिली चूक माझी निघाली पाहिजे. मामाच्या पोराचं वाचून सांगतो, त्याले "स्मोक टाक, मग जा" एवढं वेळेवर म्हटलं असतं तर काम झालं असतं. तुम्ही पाहत होते ना त्याले धावताना?

वाशीम जिल्हा

मी मुलगी आहे आणि तीन वर्षांपासून खेळते, माइक जवळपास कधीच चालू करत नाही. आवाज ऐकला की खेळाबद्दल बोलणंच संपतं. चांगली खेळले तर "भावाचा आयडी आहे का", चुकले तर "म्हणूनच मुलींसोबत खेळू नये". क्विक चॅटवर (गेममधल्या तयार मेसेजवर) "शत्रू समोर", "धन्यवाद" एवढ्यावर भागवते.

एकदा मात्र एका रँडम स्क्वॉडमध्ये माइक चालू केला होता, बहुतेक यवतमाळकडचे दादा होते, बोलण्यावरून वाटलं. पोचिंकीत (एरँगल मॅपवरच्या गावात) एका घरात अडकलो होतो. ते म्हणाले, "ताई, उजवीकडची खिडकी तुमची, बाकी आमच्यावर सोडा." माझा नेम चुकला, त्या खिडकीतूनच आम्ही मेलो. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "स्कोप आधी लावून ठेवा, माणूस दिसल्यावर लावत बसलं की उशीर होते." बस. त्यानंतर मी स्कोप (बंदुकीची दुर्बीण) लावूनच खिडकीत उभी राहते.

आणखी एक लिहायचं आहे. माझ्या चुलत भावांसोबत खेळते तेव्हा ते मला काहीच बोलत नाहीत. एकमेकांवर तुटून पडतात आणि माझ्याकडून तीच चूक झाली की "जाऊ दे, जाऊ दे". ते प्रेमानं करतात हे मला कळतं, तरी मला त्याचं वाईट वाटतं. मलाही सांगा ना काय चुकलं ते, मीही जिंकायलाच बसलेली असते.

चंद्रपूर, कॅफेत जाणारा

छोटंसं. व्हॅलोरंटमध्ये (पाच-पाच जणांचा कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा गेम) चार मेले अन् एकच उरला असन तर मेलेल्यांनी माइक सोडून द्यावा. "डावीकडं पाह, डावीकडं पाह" ओरडल्यानं त्याले समोरच्याच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही अन् त्याचा सगळा खेळ त्या आवाजावर असते. माहिती द्यायची तर एकदा, "एक जण स्पाइकजवळ" (स्पाइक म्हणजे त्यातला बॉम्ब), अन् गप्प. मेलेला माणूस सगळ्यात जास्त बोलते हे मी प्रत्येक टीममध्ये पाहिलं.

दर्यापूर, वय ४३, मुलगा खेळतो

मी स्वतः हे गेम खेळत नाही, पण चंद्रपूरवाल्या भाऊंचं वाचून राहवलं नाही. मी गावात पोरांची कबड्डी घेतो. रेडर आत गेला की त्याच्याजवळ ३० सेकंद असतात, तेवढ्यात मागून कोणी त्याची मागची चूक काढली तर तो गेलाच समजा. आणि जो आउट होऊन बाहेर बसला आहे तो परत आत केव्हा येणार, तर आतल्यांनी समोरचा गडी मारला तेव्हा. म्हणून माझ्याकडं बाहेर बसलेल्यानं आतल्याले शिव्या द्यायच्या नाहीत हा नियम आहे, त्याचं परत येणं त्याच पोरांच्या हातात आहे.

मुलाच्या खोलीतून रोज रात्री जे ऐकू येते ते ऐकून मी दोनदा फोन काढून घेतला होता. मग एके दिवशी बाजूला बसून पूर्ण मॅच पाहिली अन् त्याले एवढंच विचारलं, "हाच पोरगा उद्या आपल्या कबड्डीत तुझ्या बाजूला उभा राहिला तर त्याच्याशी असा बोलशील काय?" तो म्हणाला, "बाबा, तो आपल्याच कबड्डीतला आहे, तुमचा राइट कॉर्नर." त्या पोराले मी चांगला ओळखतो. मैदानावर शब्दानं दुखावला का चार दिवस येत नाही. मुलाले मी तेच सांगितलं, की ज्याले मी मैदानावर सांभाळून घेतो त्याले तू रात्री तोडून टाकतो. आता आवाज येते, शिव्या कमी झाल्या आहेत.

धागा काढणारा

सगळ्यांचं वाचलं. दिग्रसवाल्या भाऊ, हो, पाहत होतो मी त्याले धावताना. माझ्याजवळ पण दोन स्मोक होते, ते मी पण टाकले नाही, हे तुमचं वाचेपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं.

अन् मोर्शीवाल्या भाऊंचं वाचून काल मामाच्या पोराले मेसेज टाकला, त्या रात्री पिंग किती होती म्हणून. अर्ध्या तासानं उत्तर आलं. दोनशे चाळीस. स्मोकचं बटन दाबलं होतं म्हणते, त्याच्या स्क्रीनवर फेकल्या गेला होता, म्हणूनच धावला. परवा सोयाबीन सोंगायले तिकडंच चाललो आहे, समोर बसून बोलतो.