काकांच्या एफडीचं व्याज कुणाच्या रिटर्नमध्ये?

सुलभा मावशी, ए-२०३: नमस्कार मंडळी. हे ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. एफडी दोघांच्या नावावर, पहिलं नाव ह्यांचं. मृत्युपत्रात सगळं मला आहे. पण बँकेनं २०२४-२५ चं अख्खं १,४०,००० व्याज आणि १४,००० टीडीएस (आधीच कापलेला कर) ह्यांच्याच पॅनवर दाखवलाय. रिटर्न कुणाच्या नावानं भरायचं?

बाळासाहेब, सी-१०१: वहिनी, अवघड काय त्यात? पॅन त्यांचा, सगळं त्यांच्याच रिटर्नमध्ये.

अमृता सीए, बी-४०२: थांबा की काका 🙂 पॅनवर काय दिसतंय यावर ठरत नाही. मावशी, काका गेले त्या तारखेपर्यंतचं व्याज आणि पेन्शन त्यांच्या रिटर्नमध्ये, ते तुम्ही वारस म्हणून भरायचं. त्यानंतरचं व्याज तुमचं. बँकेकडून तारखेनिशी फोड केलेलं व्याजाचं पत्र घ्या.

बाळासाहेब: म्हणजे फी पण दोनदा 😄

अमृता: पण कर वाचतो! काका वर्षभर नव्हते म्हणून त्यांची २०२४-२५ ची ३ लाखांची करमुक्त मर्यादा कमी होत नाही, पूर्ण मिळते. मावशींची वेगळी. जुन्या करपद्धतीत ८०टीटीबीची, म्हणजे ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५०,००० पर्यंतची वजावटही दोघांना वेगवेगळी.

प्रसाद, ए-३०१: वारस दाखला लागतोच ना? आमच्या आत्याला कुणीतरी इथं कोल्हापुरात बावड्याला कोर्टात पाठवलेलं, सगळा पावसाळा त्यात गेला.

अमृता: रिटर्नसाठी तोच लागतो असं नाही. नोंदणीकृत मृत्युपत्र, सरकारी फॅमिली पेन्शनचा आदेश, नाहीतर जॉइंट होल्डरचं नाव असलेलं बँकेचं सही-शिक्क्याचं पत्र, यातलं एक चालतं. सोबत मृत्यू दाखला, दोघांचे पॅन, हमीपत्र. वारस म्हणून नोंदणी आयकर पोर्टलवरच होते, ताराबाई पार्कात आयकर भवनला हेलपाटा नको.



सुलभा मावशी: आणि नंतरचा टीडीएस गं? तोही ह्यांच्याच नावावर कापलाय.

अमृता: खरा घोळ तिथंच आहे. बँकेला लेखी द्या, अमुक तारखेनंतरचं व्याज आणि टीडीएस माझ्या पॅनवर दाखवा, आयकराचा नियम ३७बीए तसं सांगतो. पोच घ्याच. बँकेनं दुरुस्ती नाही केली, तर तुमच्या रिटर्नमध्ये 'दुसऱ्या व्यक्तीचा टीडीएस' निवडून काकांचा पॅन घालायचा आणि तेवढाच भाग मागायचा. त्याला आयटीआर-१ हा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ घ्यावा लागतो. तो भाग काकांच्या रिटर्नमध्ये पुन्हा दाखवून मागायचा नाही.

बाळासाहेब: मग त्यांचं खातं एकदाचं बंदच करा वहिनी.

अमृता: अजिबात नको! रिफंड येईपर्यंत जॉइंट खातं राहू दे, पॅनही आत्ताच परत करू नका. एफडी मात्र लगेच स्वतःच्या नावावर करून घ्या. काकांचा १५एच (कर बसत नाही, टीडीएस कापू नका असं बँकेला सांगणारा ज्येष्ठांचा फॉर्म) आता चालणार नाही. तुम्हाला कर बसत नसेल तर तुमचा वेगळा द्या. तसं ज्येष्ठांना एप्रिल २०२५ पासून एका बँकेत वर्षाला १ लाख व्याजापर्यंत टीडीएस कापत नाहीत.

सुलभा मावशी: बरं झालं बाई विचारलं. दाखला आणि पॅनचा फोटो इथंच टाकू?

अमृता: ग्रुपवर नको मावशी! संध्याकाळी येते की खाली, फाइल काढून ठेवा.